तंबोरा कुठे गेला?

अन्वर काझी गेल्याची बातमी आमच्या संगीत मंडळात फोनवर आली. दुपारी जरा पडतो म्हणाले आणि झोपेतच गेले, इतकंच त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी सांगितलं. जुन्या मैफलींची कोणती ध्वनिमुद्रणं जतन करायची, हे ठरवण्यासाठी समिती तेव्हा बसलेली होती. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ठरवणारे अन्वरभाईच असत.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते धायरीला राहायला गेले, पण दर आठवड्याला सदाशिव पेठेत मंडळात येत. लोकांनी घरच्या कॅसेटी खोकी भरभरून दिल्या होत्या आणि आपली मैफल अमोल आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसे. अन्वरभाई आधी गाणं ऐकतच नसत. गाणं सुरू होण्यापूर्वीचा भाग, म्हणजे कुजबुज, खोकला, तंबोरे जुळवणं, ते डोळे मिटून ऐकत आणि माइक कुठे होता ते सांगत. ‘हे गृहस्थ तबलजीच्या मांडीवर बसले होते,’ असा शेरा मिळे. एकदा एका सभासदाने वैतागून म्हटलं, “अहो काझी, गाणं कसं आहे ते सांगा की.” ते म्हणाले, “गाणं चांगलंच असणार. आपल्यापर्यंत आलेलं नाही.”

गेल्या वर्षी मृणाल नावाच्या शिक्षिका मंडळात आल्या. त्यांची आई गायिका. आजारपणात तिने शेवटची मैफल केली, तेव्हा मृणाल परगावी होत्या. बाईंचा सूर गेला, असं नंतर गावभर बोललं गेलं. त्या मैफलीची एकच कॅसेट उरली होती. पंख्याची घरघर फार होती म्हणून मृणालनी ती एका स्टुडिओतून स्वच्छ करून आणली, ऐकली आणि लोकांचं खरं मानलं. “तुम्हीही तेच म्हणालात तर पुसून टाकते,” त्या म्हणाल्या. “आईची अशी आठवण मागे नको.”

अन्वरभाईंनी थोडं ऐकून विचारलं, “तंबोरा कुठे गेला?”

मृणालना प्रश्न कळला नाही. स्टुडिओतल्या संगणकाने सतत चालणारा आवाज म्हणून पंखा काढला होता, आणि तंबोराही सतत चालणाराच... तोही पंख्याबरोबर गेला. आधार गेल्यावर बाईंचा आवाज अधांतरी वाटत होता. मूळ कॅसेट घेऊन या, असं अन्वरभाईंनी सांगितलं.

मूळ कॅसेटमध्ये पंखा पिठाच्या गिरणीसारखा चालला होता, पण त्याखाली तंबोरा होता. अन्वरभाईंनी मैफल पूर्ण ऐकली. मृणाल त्यांच्याकडे बघत होत्या. एक सभासद हळूच म्हणाले, “उत्तम आहे म्हणा आणि मोकळे व्हा.”

“बाई सुरात आहेत,” अन्वरभाई म्हणाले. “एक जागा सोडून. शेवटी वरचा षड्ज उतरलाय. तिथे पंख्याचा दोष नाही.”

“तेवढी जागा काढता येईल?”

“येईल. पण मग मला विचारायला येऊ नका.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “ताई, आजारी होत्या त्या. उतरल्या, परत चढल्या. पुढचा षड्ज ऐका.”

मृणाल कॅसेट घेऊन गेल्या. काय ठरलं, हे त्यांनी कळवलं नाही आणि अन्वरभाईंनी विचारलं नाही.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी धायरीला भाभींना भेटायला गेलो होतो, तेव्हा मृणालही आल्या. मूळ ध्वनिमुद्रण तसंच ठेवून त्यांनी त्याच्या प्रती करून घेतल्या होत्या, त्यातली एक भाभींसाठी आणली होती. अन्वरभाईंच्या खोलीत भाभींनी स्वतः ती लावली. शेवटाकडे एका ठिकाणी मृणालनी मान खाली घातली.

“काय झालं?” भाभींनी विचारलं.

“आई इथे चुकली.”

“मला तर बाई काही कळलं नाही. ह्यांना कळलं असतं.”

“त्यांना कळलं होतं,” मृणाल म्हणाल्या.

तोवर पुढचा षड्ज लागला होता. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या आणि विरल्या, कोणीतरी चपला शोधत होतं, कोणीतरी रिक्षा मिळेल का विचारत होतं... ते सगळं आम्ही टेप थांबेपर्यंत ऐकलं. अन्वरभाई टेप संपेपर्यंत ऐकत; त्या खोलीत अजून तशीच पद्धत आहे.