मस्टरवर नाव नसलेला साहेब

“देसाई, शुक्रवारपर्यंत उरका. दोन पानांत निष्कर्ष द्या. आरोप सिद्ध, कामगार बडतर्फ.” वर्क्स मॅनेजर करंदीकरांनी फाईल माझ्याकडे सरकवली.

“साहेब, चौकशी अजून सुरू व्हायची आहे,” मी म्हणालो.

“म्हणून तर आधीच सांगतोय.”

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चिंचवड स्टेशनापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आमचा कारखाना होता. मी तिथं लॉ असिस्टंट होतो, तोही प्रोबेशनवर. म्हणजे कंपनीनं मला अजून कायम केलं नव्हतं आणि कधीही घरी बसवता आलं असतं. करंदीकरांनी हे कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. माझ्याशी बोलताना ते फक्त माझी पर्सनल फाईल टेबलावर उघडी ठेवायचे.

आरोप सोपान येवलेवर होता. लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायचा. रोज पुनावळ्याहून नदी ओलांडून पायी यायचा. घरातला पहिला पगारदार. बडतर्फीचा शिक्का बसला असता, तर पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या कुठल्याही गेटवर त्याला उभं केलं नसतं. तेव्हा कारखाने होते किती? सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखायचे.

त्यानं केलं काय होतं? खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडे हत्यारं पुजतात. पुजलेलं हत्यार मग दसरा झाल्याशिवाय हातात धरत नाहीत. शेतात विळा-कोयता पुजणारी माणसं कारखान्यात आली आणि लेथ पुजू लागली, एवढाच फरक. कंपनीनं परवानगी दिलेली. दुपारी मशिनं बंद झाली, पुसून लख्ख केली, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटले. फोरमन जगताप प्रसाद वाटायला दुसऱ्या शेडमध्ये गेले. तेवढ्यात वेबर साहेब आले.

वेबर हे परदेशी कंपनीचे तज्ज्ञ. त्या कंपनीशी आमचा करार होता. त्यांचं तंत्र, आमची जागा आणि माणसं. वेबरना संध्याकाळी मुंबईला निघायचं होतं आणि त्याआधी एका नव्या गिअरची ट्रायल बघायची होती. ते सोपानला म्हणाले, लेथ चालू कर. सोपान म्हणाला, फोरमनला विचारतो. ते स्विचकडे वळले, तसा सोपान स्विचसमोर जाऊन उभा राहिला. ना हात लावला, ना शब्द वाकडा बोलला. नुसता उभा राहिला. वेबरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुंबईला पोचल्यावर त्यांनी दोन पानी तक्रार टाइप करून पाठवली.

आरोपपत्रात शब्द होते, ‘वरिष्ठाचा कायदेशीर व वाजवी हुकूम हेतुपुरस्सर मोडणे’. कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, यांत याला बडतर्फी होती. पण बडतर्फ करण्याआधी चौकशी लागते. तिला डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणतात. आरोप कंपनीचा, साक्षीदार कंपनीचे आणि न्याय करायला बसणाराही कंपनीचाच नोकर. इथं तो मी. असला न्याय न्याय वाटावा म्हणून कायद्यानं दोन-तीन अटी घातल्यात. कामगाराला बोलू द्यायचं. साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे. आणि निकाल समोर आलेल्या पुराव्यावरच द्यायचा, मनातल्या माहितीवर नाही.

त्या शेवटच्या अटीनं माझी झोप उडवली. कारण मला एक गोष्ट माहीत होती.

आदल्या वर्षी वेबरनी एका प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्राचं, संरक्षक गार्ड काढून ट्रायल घ्यायला लावली होती. कुणाला इजा झाली नाही, पण फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमके त्याच दिवशी आले. गार्ड कुणाच्या हुकमानं काढलं, असं त्यांनी लेखी विचारलं. करंदीकरांची पाचावर धारण बसली. मला बोलावून म्हणाले, “तुम्ही यावर काहीतरी लिहिलंय ना?”

लिहिलं होतं. लॉ कॉलेजच्या वार्षिक अंकात माझा एक इंग्रजी लेख आला होता. परदेशी तज्ज्ञ आपल्या कारखान्यात हुकूम देतो तेव्हा तो कुणाचा माणूस, आणि काही बिघडलं तर कुठल्या देशाच्या कोर्टात कुणाला उभं करायचं, असा विषय. तो तिघांनी वाचला असेल, त्यात एक छापखान्यातला कंपोझिटर. करंदीकर चौथे. त्यांना त्यातलं एकच वाक्य हवं होतं. करारानुसार तज्ज्ञ हा परदेशी कंपनीचाच नोकर राहतो, तो फक्त सल्ला देतो. तेवढं घेऊन इन्स्पेक्टरला पत्र गेलं, की वेबरना हुकूम देण्याचा अधिकारच नाही, त्यांनी केलेल्याला कंपनी जबाबदार नाही. आणि हे खरं वाटावं म्हणून आवारातल्या बोर्डावर मराठीत नोटीस लागली. मसुदा माझा, सही करंदीकरांची. परदेशी तज्ज्ञ हे सल्लागार आहेत, कामगारांनी कामाचा हुकूम फक्त आपल्या फोरमनकडून घ्यावा.

आता तोच माणूस मला सांगत होता, की वेबर हे सोपानचे वरिष्ठ आहेत असं लिहा. माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू?

पण चौकशीला बसलेल्या माणसानं स्वतःच ती नोटीस पुढे आणली, तर तो साक्षीदार होतो, आणि सगळी चौकशीच रद्द ठरते. करंदीकरांनी दुसरा कुणी बसवून दोन दिवसांत काम आटोपलं असतं. सोपानच्या कानात सांगणं तर त्याहून वाईट. तोंड बंद ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, एवढंच माझ्या हाती होतं.

पहिल्या बैठकीत सोपान पूजेबद्दलच बोलला. “मशीन पुजलं साहेब. माळ चढली. मग त्याला कसा हात लावायचा? आमच्यात न्हाई चालत.” टाइम ऑफिसचे क्लार्क कंपनीची बाजू मांडत होते, ते खूश झाले. हुकूम मोडल्याची कबुलीच मिळाली होती. जगतापांनी साक्ष दिली, की आपण मशीन चालू करायला सांगितलं नव्हतं. ते खरं असलं तरी पुरेसं नव्हतं.

“आणखी काही सांगायचंय?” मी विचारलं.

“न्हाई.”

“काही दाखवायचंय? कागद, वस्तू, काही?”

“माझ्याकडं कुठला कागद असणार साहेब?”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. अरे बाबा, तुझी नोकरी भिंतीवर टांगलीय, असं ओरडावंसं वाटत होतं. वेबरची साक्ष राहिली होती, म्हणून मी दुसरी तारीख दिली. संध्याकाळी करंदीकर म्हणाले, “अहो, एवढा घोळ कशाला घालताय?” मी म्हणालो, कायदा घालतोय. त्यांनी माझी पर्सनल फाईल बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवली. उघड्या फाईलपेक्षा ही बंद फाईल मला जास्त धोक्याची वाटली.

दुसऱ्या बैठकीला वेबर आले. कडक इस्त्री, ताठ मान. त्यांनी साक्ष दिली, ती मी मराठीत सांगितली. मग सोपानला म्हणालो, “तुला साहेबांना काही विचारायचं असेल तर विचार. हा तुझा हक्क आहे.” प्रत्येक चौकशीत हे वाक्य म्हणावंच लागतं. मी ते जरा सावकाश म्हटलं, एवढं कबूल करतो.

सोपान उठून उभा राहिला. मग म्हणाला, “एकच इचारतो. साहेबांचं नाव आमच्या मस्टरवर हाय का?”

मस्टर म्हणजे हजेरीपट. कामगाराच्या लेखी कंपनीतला माणूस ओळखायची तीच एक खूण. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. वेबरना अपमान वाटला.

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “मी माझ्या कंपनीचा नोकर आहे. तुमच्या कंपनीचा नाही. असं लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. असं काही लिहून घेताना हात इतका खूश माझ्या आयुष्यात पुन्हा झाला नाही.

“मग बोर्डावर लिवलंय तेच झालं की,” सोपान म्हणाला.

“कुठल्या बोर्डावर?” मी विचारलं. आवाज साधा ठेवायला कष्ट पडले.

“पान्याच्या टाकीजवळच्या. तिथंच सावलीला आमी भाकरी खातो. जेवताना समोर तेच दिसतंय, रोज वाचून पाठ झालंय.” आणि त्यानं माझं वाक्य काना-मात्रांसकट म्हणून दाखवलं.

क्लार्क म्हणाले, तोंडी सांगितलेलं चालणार नाही, कागद हवा. कागद तर खिळ्यांनी ठोकलेला. मग चौकशीच उठून टाकीकडे गेली. पुढे सोपान, मागे वेबर, क्लार्क, जगताप, शेवटी वही घेतलेला मी. नोटीस उन्हानं पिवळी पडली होती, सही मात्र स्वच्छ दिसत होती. मी तिथंच उभ्यानं नक्कल उतरवली आणि खाली क्लार्कची सही घेतली. भाकऱ्या सोडून चाळीस माणसं बघत होती. 

मी दोन पानांत निष्कर्ष दिला, करंदीकरांना हवा होता तसा दोनच पानांत. हुकूम देणारा वरिष्ठ नव्हता, सबब आरोप सिद्ध होत नाही.

“हे बदला,” ते म्हणाले.

“सही माझी आहे, साहेब. बदलणार नाही.”

“देसाई, पगार कोण देतं तुम्हाला?”

“तुम्ही. म्हणूनच बोर्डावरच्या तुमच्या सहीला मान दिला.”

ते उठून उभे राहिले. मला भीती वाटत होती, पण रागच जास्त होता. मी पुढे म्हणालो, “निष्कर्ष फेटाळायचा अधिकार तुम्हाला आहे. फक्त कारण लिहावं लागेल. वेबर वरिष्ठ आहेत असं लिहा. मग गार्डचं ते पत्र इन्स्पेक्टरकडे आहेच. सोपानच्या नोकरीपुरता वेबर आपला आणि गार्डपुरता परका, असं कसं चालेल?”

 त्यांनी ती दोन पानं फाईलमध्ये लावली. “जा तुम्ही,” म्हणाले.

सोमवारी सोपान लेथवर उभा होता. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. ते संपल्यावर आणखी सहा महिन्यांनी. मग मीच राजीनामा दिला आणि पुढची तीस वर्षं कामगारांच्या बाजूनं उभा राहिलो. त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही.

मी कंपनी सोडायच्या आधी करंदीकरांनी माझ्याकडून शेवटचं काम मागितलं. नवी नोटीस लिहा, तज्ज्ञांचा हुकूम सर्वांनी पाळावा अशी. मी लिहून दिली. खाली एक ओळ घातली, की त्या हुकमाची संपूर्ण जबाबदारी कंपनीची राहील. तो मसुदा सही होऊन कधी आला नाही.

माझा लेख चौघांनी वाचला. नोटीस चाळीस जण रोज जेवताना वाचत होते. तेव्हापासून मी जे काही लिहिलं, ते सोपान वाचणार आहे असं धरूनच लिहिलं.

मी सोडताना बोर्डाला काच बसवून कुलूप घातलं होतं, म्हणे कुणी कागद फाडू नये म्हणून. जुनीच नोटीस आत होती. किल्ली करंदीकरांकडे होती, पण नोटीस काढायची त्यांची काही छाती झाली नाही.