मागून येणारा आवाज

ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली, त्याचं पुस्तक कोणीही मोठ्यानं वाचून सगळ्या जगाला ऐकवू शकतं, असा आपल्या देशात कायदा आहे. त्या लेखकाला ते चालेल की नाही, याबद्दल कायदा गप्प आहे.

हे मला माझ्या मुलीमुळे कळलं. पूर्वा अकरा वर्षांची. तिच्या शाळेत एक ताई आल्या होत्या. या ताई आणि त्यांची मंडळी जुनी पुस्तकं मुलांच्या आवाजात रेकॉर्ड करतात आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी फुकट ठेवतात. कोण वाचणार म्हटल्यावर पूर्वानं हात वर केला. (माझ्या वेळी शाळेत हात फक्त पुढे करायचा असे, छडीसाठी.) तिच्या वाट्याला राजे, विहिरी आणि शाप असलेल्या गोष्टींचं एक पुस्तक आलं, चौदा प्रकरणांचं. पुस्तक पूर्ण झालं की शेवटी तिच्याच आवाजात येणार होतं, 'वाचन, पूर्वा शिवाजी सुतार.' रेशनकार्ड सोडून माझं नाव कुठे येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

माझं गाव कोल्हापूरच्याही पुढे, आजऱ्याकडे. शाळा चौथीत सुटली. पंधराव्या वर्षी एका ट्रकबरोबर नागपूरला आलो आणि कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या आडतीवर पोती उचलायला लागलो. पुढे भिवापूरची सुमन बायको म्हणून मिळाली, आणि गिरडकर काकूंनी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. पूर्वाला बाराखडी काकूंनीच शिकवली. या बाईचे उपकार इतके आहेत, की मी त्यांच्या अंगणातून चालतानासुद्धा चपला हातात घेतो. आपल्या पायानं या घरात काही वाईट येऊ नये, ही माझी कायमची धास्ती.

आणि नेमकं तेच आलं.

रेकॉर्डिंगची वेळ होती दुपारी दोन. एप्रिल संपत आला होता. नागपुरात त्या वेळी रस्त्यावर कोणी नसतं. दारं बंद, खिडक्यांवर पडदे, कुत्री ओट्याखाली निपचित पडलेली, आणि बाहेर पांढरं ऊन नुसतं उभं असतं, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं. त्यात आवाज येतो म्हणून कूलर बंद. कूलर बंद केला की जी शांतता पडते, तिला नागपूरचा माणूस घाबरतो, मी तर बाहेरचा. पलंगाच्या चारही बाजूंनी रजया सोडून पूर्वा आत, पलंगाखाली, टॉर्च आणि सुमनचा मोबाइल घेऊन बसायची. तो तिचा स्टुडिओ. अर्ध्या तासानं बाहेर यायची तेव्हा तिच्या अंगातून वाफ निघायची.

पहिली दोन प्रकरणं लगेच पास झाली. तेव्हा बाजारात माल जोरात होता, मी संध्याकाळी घरी यायचो. मग आवक घटली, मी एक वाजता परतू लागलो आणि कामाला लागलो. काम म्हणजे पहारा. खोलीच्या प्लायवूडच्या दाराला पाठ टेकून बसायचं. भंगारवाल्याला हातानंच परत पाठवायचं. सुमनला माझ्या फोनवरून बहिणीशी बोलू द्यायचं नाही. मांडीवर पूर्वाची सरावाची प्रत असायची. झेरॉक्स, जागोजागी लाल रेघा मारलेली. ती टाकून द्यायला मन होत नव्हतं.

तिसरं प्रकरण परत आलं. ताईंचा निरोप होता, खोलीत दुसरं कोणीतरी आहे, पुन्हा वाच.

पूर्वानं कानाला हेडफोन लावला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिनं तो माझ्या कानाला लावला.

तिचा आवाज येत होता, स्पष्ट, गोड. 'राणी विहिरीपाशी आली.' आणि अर्ध्या श्वासानंतर, कुठून तरी खोलातून, कोरडा, घोगरा आवाज. 'आली...' मग पूर्वा, 'आत कोणी नव्हतं.' आणि तो, 'न... नव्हतं...'

माझ्या हातातला चहा बशीत आणि बशीतला लुंगीवर आला.

सुमननं ऐकलं आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला. "अवो, ज्यानं हे पुस्तक लिहिलं, त्याले कोणी विचारलं का?"

मी म्हटलं, तो मेलेला आहे, कसं विचारणार? कायदाच तसा आहे.

"कायदा तुमच्यासाठी. त्याले काय मालूम कायदा?" ती म्हणाली. "आपलं पुस्तक कोण वाचून राहिलं, पाहाले आला असंल."

पुढच्या चार दिवसांत पूर्वानं जिद्दीनं तिसरं पुन्हा आणि चौथं, पाचवं नव्यानं वाचलं. मी पहारा दुप्पट कडक केला. पाठीला दार, समोर ऊन, मांडीवर कागद, आणि ओठांवर देवाचं नाव घ्यायचीही सोय नाही, कारण आवाज होईल. तिन्ही प्रकरणं परत आली. तो तिन्हीत होता. ताईंनी फोन केला. त्या गोड बोलल्या, पण बोलायचं ते बोलल्या. ऐकणारी मुलं थांबली आहेत, आणखी एकदा असं झालं तर पुस्तक दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. पूर्वा 'हो ताई' म्हणाली, फोन ठेवला आणि रजईत तोंड खुपसून रडली.

आता काकूंपासून लपवणं शक्य नव्हतं. मी चपला हातात घेऊनच गेलो आणि सांगितलं, की माझ्यामुळे तुमच्या घरात बहुतेक एक लेखक शिरला आहे. काकू उन्हातून आल्या, चष्मा लावला, परत आलेली चारही रेकॉर्डिंग शांतपणे ऐकली.

"शिवाभाऊ, हा लेखक नाही," त्या म्हणाल्या. "याले जोडाक्षर येत नाही."

हे खरं होतं. 'प्रतिज्ञा' आली की तो 'पर... परती...' करत मागे राहायचा आणि पुढच्या वाक्यात धावत येऊन पूर्वाला गाठायचा. पूर्वा डोळे पुसत म्हणाली, "पण काकू, तिसऱ्यात त्याले 'क्ष' येत नव्हता. पाचव्यात येऊन राहिला."

म्हणजे आमच्या घरात अडाणी भूत होतं, आणि ते शिकत होतं. मला याची जास्तच भीती वाटली. चौदाव्या प्रकरणापर्यंत त्याला सगळं यायला लागलं तर?

मग मी तो उपाय केला, ज्यामुळे गल्लीतले लोक अजून मला वळून बघतात. सासुरवाडीहून आलेल्या भिवापुरी मिरच्या होत्या. दृष्ट काढायला पाच-सात लागतात. मी आडतीवरचा माणूस, मला पाच-सातचा हिशेब कळत नाही. ओंजळभर उतरवून शेगडीत टाकल्या. भूत गेलं की नाही सांगता येत नाही, पण आम्ही सगळे गेलो, रस्त्यावर. भर दुपारी बंद असलेली सगळी दारं एकामागून एक उघडली आणि माणसं खोकत त्या पांढऱ्या उन्हात येऊन उभी राहिली. काकूंना पदर तोंडाला लावून शिंकताना पाहिलं आणि तोंड लपवायला मला गावाकडची गाडी आठवली.

दुसऱ्या दिवशी शेवटची संधी. सहावं प्रकरण. दोन वाजले. कूलर बंद झाला. सुमन देवापाशी, काकू आमच्या स्वयंपाकघरात, मी दारापाशी. पूर्वा वाचू लागली. मी कागदावर बोट ठेवलं आणि जीव मुठीत धरून तिच्याबरोबर ओळीओळीनं सरकू लागलो. राजा जंगलात शिरतो. मागून पावलं येतात. राजा थांबतो, पावलं थांबतात.

आणि पूर्वा थांबली. मधेच, वाक्य अर्धं सोडून.

त्या शांततेत, मला स्वच्छ ऐकू आलं, तो एकटाच पुढे वाचत होता.

'...त्यानं मागे वळून पाहिलं. मागे... प्रत्... प्रत्यक्ष...'

हेडफोन नव्हता, काही नव्हतं. मिरचीच्या धुळीनं बसलेला असावा तसा घसा. आवाज फार जवळून येत होता. माझ्या नाकाखालून येत होता.

पाठीमागचं दार उघडलं. मी उताणा पडलो तो पूर्वाच्या पायांशी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. ते अजून ओळीवरच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही वाचून राहिले?"

मला वाटत होतं मी मनात वाचतो आहे. खरंच. चौथीनंतर माझा वाचायचा आवाज घरात कोणी ऐकलाच नव्हता, मीसुद्धा नाही. मला वाटलं होतं, मुलगी आयती मोठ्यानं वाचते आहे, तिच्या बोटाला धरून आपणही दोन अक्षरं पुढे जावं. कोणाला कळणार? (मला नीट वाचता येत नाही, हे कळमन्यात कुणालाच माहीत नाही. पावत्या मी मिरचीच्या रंगावरून ओळखतो.)

सुमन देवासमोरून उठून आली, सगळं ऐकलं आणि हसत हसत खाली बसली. काकू मात्र हसल्या नाहीत. "काहून जी, मले सांगता येत नव्हतं?" एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन परत आल्या. मी हातात घ्यायला चपला शोधू लागलो, तर काकू म्हणाल्या, तुम्ही बसा.

पूर्वानं ताईंना सगळं खरं सांगितलं. ताई हसल्या, आणि पुस्तक तिच्याकडेच राहिलं. उरलेल्या रेकॉर्डिंगच्या वेळी मला अंगणात कडुलिंबाखाली बसवण्यात आलं, तोंडात सुपारी ठेवून. जूनमध्ये पुस्तक पूर्ण झालं. शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की सुमननं मोबाइल लपवला.

मग ताईंनीच विचारलं, बाबांनाही वाचायचं आहे का? एक छोटीशी गोष्ट दिली, दोन पानांची. मी अकरा दिवस सराव केला. पलंगाखाली मावत नव्हतो, म्हणून डोकं आत आणि पाय बाहेर, असा झोपून वाचली. पूर्वा दाराबाहेर पहाऱ्याला होती.

गोष्ट परत आली. ताईंचा निरोप होता, 'वाचन छान. पण प्रत्येक जोडाक्षराच्या आधी मागून एका लहान मुलीचा आवाज येतो.'