गॉलवेपलीकडचं मोडी पत्र

पंधरा दिवसांचा ऑनलाइन मोडीवर्ग केल्यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी लिक्सलिपच्या ऑफिसात डेस्कवर प्रमाणपत्र चिकटवलं. म्हणून २०१७ च्या एका शनिवारी आयरिश सहकाऱ्याच्या मावशीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेच्या पलीकडे, जुनं पत्र वाचायला निघालो. ॲडम्सटाउनच्या माझ्या घरून आईलाही घेतलं. ती नुकतीच साताऱ्याहून आली होती. तीस वर्षं तिने भूमिअभिलेखात नोकरी केली. तिथे ती काय वाचायची, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मी कशाला येऊ रे?"

"समुद्र बघायला," मी म्हणालो. खरं तर मला प्रेक्षक हवा होता.

ही मावशी, म्हणजे ऐंशीच्या मेव्ह आजी, चर्चच्या दारातच उभ्या होत्या. आत भिंतीवर त्यांच्या खापरपणजोबाची संगमरवरी पाटी. १८४२ साली काबूलहून माघार घेताना इंग्रजांची फौज बर्फात संपली, मग सूड घ्यायला दुसरी फौज गेली. हा त्या दुसऱ्या फौजेतला तोफवाला. 'शत्रूस शासन केले' असं पाटीवर कोरलेलं.

"माझा मुलगा म्हणतो, ही पाटी उखडून टाका, राक्षस होता तो," आजी म्हणाल्या. "मी म्हणते, चांगला असणार. नाहीतर हिंदी शिपायाचं पत्र त्याच्याजवळ कशाला असतं? उद्या प्रार्थनेनंतर ते सगळ्यांसमोर वाचायचंय."

घरी चहा, जाडजूड ब्राऊन ब्रेड. आजींनी प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) डबा काढला. कागद उलगडला. एका लांब रेघेला जिलब्या लटकवाव्यात तशी अक्षरं. मला फक्त 'श्री' लागला. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग दिलं ठोकून: "शिपाई लिहितो, हा गोरा माणूस फार दयाळू, याने माझा जीव वाचवला."

आजींचे डोळे भरून आले. "ग्रँड," (छान, चालेल, असू दे, सगळ्याला हाच शब्द) त्या पुटपुटल्या.

एवढ्यात आईने चष्मा लावून कागद ओढला. "काय सांगितलंस तू त्यांना? ह्यात असलं कायबी नाही." आणि सातबारा वाचावा तशी घडाघडा वाचू लागली: "द्राक्षांचे मळे तोडायचा हुकूम झाला. तोडले. बायका बांधावर बसून रडत होत्या. आबांस कळवू नये. माझा एक पाय कापून काढला, तरी खुशाल आहे. हे पत्र गोऱ्या तोफवाल्याजवळ दिले आहे, तो मुंबईस टपालात टाकील."

"काय म्हणतेय तुझी आई?" आजींनी विचारलं.

अजूनही थाप मारता आली असती. आई म्हणाली, "खरं सांग. त्यांचं माणूस आहे ते."

सांगितलं. आधीचं सगळं मी रचलं होतं, हेही सांगितलं. लाजेने मान वर होईना.

आजींनी कागद परत हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याने ते टपालात टाकलंच नाही."

मळ्यांबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडून खरा मजकूर इंग्रजीत लिहून घेतला. "उद्या हेच वाचेन," म्हणाल्या, आणि पत्र घडी करून आईच्या हातात दिलं, माझ्या नाही. "आता तुम्ही पोचवा."

परतताना समुद्र बघायचा राहूनच गेला. सुडाच्या मोहिमेवर आईला व्याख्यान द्यायचं मी घोकून आलो होतो, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आईने फोनवर पत्रावरचं गाव शोधलं. वाईच्या पुढचं निघालं.

"पण आबांना कळवू नका असं लिहिलंय ना त्याने?" मी विचारलं.

"आबा गेले रे कधीच," आई म्हणाली. "बाकीच्यांना सांगायला नको का?"