देवरे मॅडमनी परत घेतलेला पेपर

शकुंतला देवरे मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मी एकटीनेच केलं. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आम्ही, आणि बरोबर आमच्या डोक्यावरच्या घरात मॅडम नुकत्याच राहायला आलेल्या. माझ्या धाकट्या लेकीची हळद होती. पार्किंगमध्ये मांडव, दोन कपाटाएवढे स्पीकर, आणि गाणं असं फाटत होतं की नवरीचं कौतुक चाललंय की तिला शिव्या घालताहेत, काही कळत नव्हतं. तेवढ्यात मॅडम जिना उतरून आल्या. सुती साडी, चष्मा, हातात पेन. मला वाटलं, आल्या तक्रार घेऊन. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "लेकीची हळद आहे. कान दुखत असतील तर कापूस देते."

त्या सरळ पुढे झाल्या. मशीनवाल्याजवळ गेल्या, त्याला दोन गोष्टी विचारल्या, एक बटण मागे घेतलं, आणि गाणं एकदम धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मग मला म्हणाल्या, "मशीनला झेपेना एवढा आवाज चढवला होता, त्याचं डोकं छताला आपटत होतं, मावशी. म्हणून आवाज फाटत होता." आणि हळद लावून घेऊन, जेवून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनचं डोकं छताला आपटू द्यायचं नाही, हेच मॅडमनी जन्मभर केलं आहे, हे मला फार पुढे कळलं.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्या कॉलेजातून निवृत्त होत आहेत, म्हणून त्यांचे विद्यार्थी हा ग्रंथ काढत आहेत. त्यात चौथी शिकलेल्या म्हातारीचा लेख कशाला, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही त्यांना रोज बघता. मी म्हटलं, लिहीन तर खरं लिहीन. ते हो म्हणाले. आता त्यांनी निस्तरावं. माझी नात तेजश्री मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होती, मधे थांबली होती, आता पुन्हा करते आहे. ती का थांबली तेच मला सांगायचं आहे. त्यात गौरव मॅडमचा आहे, आणि लाज आमच्या घराची.

आधी त्यांच्या कामाबद्दल. मी एकदा तांदूळ निवडत असताना त्यांना सरळच विचारलं, तुम्ही एवढ्या रात्रंदिवस करता तरी काय? दुसऱ्या कुणी हसून विषय बदलला असता. मॅडम खाली बसल्या, माझ्या सुपातले खडे काढू लागल्या आणि सांगू लागल्या. मोबाइलच्या टॉवरवरून निरोप एका धाग्यावरून जात नाही. शेकडो बारीक धाग्यांवरून एकाच वेळी जातो. प्रत्येक धागा आपल्या चालीने वर-खाली होत असतो. एरवी कुणी वर, कुणी खाली, सगळं मिळून बेताचं असतं. पण एखाद्या क्षणी सगळेच एकदम वर येतात. मी म्हटलं, आमच्या घोटीकडे भात झोडताना असंच व्हायचं, सगळ्या बायांचा ठोका चुकून एकदम पडला की आडवं टाकलेलं लाकूड चिरफाळायचं. मॅडम म्हणाल्या, अर्धं बरोबर आहे. त्या कुणालाही पुरे मार्क देत नाहीत.

उरलेलं अर्धं असं. त्या एका क्षणासाठी टॉवरचं मशीन मोठं ठेवावं लागतं, आणि बाकी सगळा वेळ ते नुसती वीज खात बसतं. सोपा उपाय म्हणजे वर आलेली डोकी छाटायची. पण छाटली की निरोप वाकडा होतो, आणि त्याचा कचरा शेजारच्याच्या वाटेत उडतो. मॅडमना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, निरोप निघायच्या आधीच प्रत्येक धाग्याचं पाऊल थोडं पुढे-मागे करा, म्हणजे सगळे एकदम उसळणारच नाहीत. फक्त कुणाचं पाऊल किती हलवलं, हे पलीकडच्या मशीनला कळवावं लागतं. त्याला त्या किल्ली म्हणतात. किल्ली पोचली नाही तर पलीकडे नुसती खिचडी. आणि किल्ली पाठवायची तर तिलाही धागे लागतात, निरोपाची जागा कमी होते. ह्या एवढ्याशा जागेसाठी ह्या बाईंनी आयुष्य घालवलं. माझ्या डोक्यात हे सगळं शिरलं असं मी म्हणत नाही. पण त्या सांगत असताना कंटाळाही आला नाही.

त्यांच्या नियमांचा त्रास सगळ्यांना होतो. पिंपळगावकडचे एका विद्यार्थ्याचे वडील परीक्षेच्या आधी द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. मॅडमनी त्यातला एक घड काढला, धुतला, बशीत घालून त्यांच्याच समोर ठेवला, दोघांनी बसून खाल्ला, आणि पेटी त्यांच्या गाडीत परत ठेवायला लावली. मला त्या पेटीची हळहळ वाटली, ते खोटं कशाला सांगू. माणसाचा अपमान न करता पेटी परत करणं मला तरी जमलं नसतं. मी एक तर पेटी ठेवली असती, नाहीतर माणसाला बोलले असते.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सून कामावर, तेजू कॉलेजात. औषधाचे थेंब घालायला वरून मॅडम यायच्या. मी कुरकुर करायचे. त्या म्हणायच्या, "मावशी, डोळा उघडा, तोंड मिटा." मला असं बोललेलं दुसरं कुणी आजवर धड राहिलेलं नाही. तेजूचं बारावीचं गणित त्यांनीच आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुधारलं. पोळ्या लाटता लाटता मी ऐकायचे. चुकलं की त्या रागवायच्या नाहीत, "पुन्हा" म्हणायच्या. रागावलेलं पोरीला परवडलं असतं.

तर ही तेजू पुढे त्यांच्याच हाताखाली गेली आणि दोघींचा मिळून पेपर झाला. त्यात असं होतं म्हणे की किल्ली पाठवायची गरजच नाही, पलीकडचं मशीन आपलं आपण ओळखतं. मोठ्या परिषदेत तो घेतला गेला. माझा मुलगा राजेंद्र, म्हणजे तेजूचा बाप, सातपूरला कारखान्यात आहे. त्याने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर नातीपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा होता, पण असो. त्या पेपरवरूनच परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला पुढच्या अभ्यासाला बोलावलं. घरात बॅगा आल्या. मी चार शिव्या देऊन का होईना, मेतकूट करायला घेतलं.

मॅडमनी तिला सांगितलं, जाण्याआधी हे दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवून बघ. तिने बघितलं. पलीकडे खिचडी आली. पुन्हा बघितलं, पुन्हा खिचडी. मग दोघी बसल्या आणि सापडलं. आधीचं सगळं काम एकाच कॉम्प्युटरच्या पोटात झालेलं. पाठवणारा तिथेच, घेणारा तिथेच. घेणारा गुपचूप पाठवणाऱ्याच्या खिशातून किल्ली काढून घेत होता, आणि हे दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं. ही चोरी नव्हती, हे मी इथे ठासून लिहिते. एका घरात राहणारी माणसं एकमेकांचे डबे न विचारता उघडतात, तसं ते झालं.

मॅडमनी पेपर परत घेतला. परिषदवाल्यांना पत्र लिहिलं की निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक मार्गदर्शकाची आहे, कारण तपासणं हे मार्गदर्शकाचंच काम होतं. तेजूचं नाव त्यांनी त्या वाक्यात येऊ दिलं नाही. परदेशाचं बोलावणं थांबलं. मॅडमना त्या वर्षी विभागप्रमुख करायचं चाललं होतं, तेही राहिलं. हे मला कॉलेजातल्या दुसऱ्या बाईंकडून कळलं. मॅडमनी त्याचं नावही काढलेलं नाही.

पत्र गेल्यावर त्या स्वतः खाली आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि राजूला सगळं नीट समजावून सांगितलं. राजूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, छापून झालं होतं, कोण बघत होतं? मॅडम म्हणाल्या, उद्या कुणीतरी ह्यावर मशीन बांधेल, तेव्हा बघेल. त्यावर तो बोलला, "तुम्हाला पोटचं लेकरू असतं ना, तर ते पत्र लिहायला तुमचा हात धजला नसता."

मॅडमनी लग्न केलं नाही. धाकट्या भावंडांची शिक्षणं करता करता राहून गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. राजूलाही.

त्या म्हणाल्या, "पत्र गेलंय, राजेंद्र." आणि कठड्याला धरून वर गेल्या. मी राजूला तिथल्या तिथे म्हटलं, ज्या बाईने तुझ्या पोरीला अक्षर अक्षर शिकवलं तिला हे बोललास, आता तोंड धुऊन ये आणि वर जा. तो तोंड धुवायलाही गेला नाही. सून रडत बसली. तेजू भिंतीकडे तोंड करून पडली, आणि पुढे एका क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. वर कुणीच गेलं नाही.

त्या दिवसांची मला जास्त शरम वाटते. डोक्यावर मॅडमची पावलं वाजायची. खुर्ची सरकली तरी कळायचं. मी जिभेची अशी की भाजीवाला मला बघून गाडी वळवतो, पण जिन्यात मॅडम दिसल्या की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. आणि त्या थांबायच्या. "मावशी, डोळा कसा आहे?" बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. जिच्या घराने आपल्याला असं ऐकवलं तिच्या डोळ्याची चौकशी कशी करावीशी वाटते, हे मला अजून कळलेलं नाही.

मग एका सकाळी त्या काड्यापेटीहून थोडे मोठे दोन डबे घेऊन खाली आल्या. डब्यांना उंदराच्या शेपटीसारख्या अँटेना. तेजूला म्हणाल्या, एक निरोप घ्यायला इथे ठेवते, एक पाठवायला वर. मधे स्लॅब आहे. आता कुणाला कुणाच्या खिशात हात घालता येणार नाही. तेजू म्हणाली, मॅडम, माझ्याकडून नाही होणार, मला तुमच्यासमोर उभंसुद्धा राहवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मी पेपर परत घेतला, तेजू. तुला नाही."

काम सुरू झालं. आमच्या ओट्याशेजारी एक कॉम्प्युटर, वर मॅडमच्या हॉलमध्ये दुसरा. पहिले कित्येक दिवस खाली अक्षरांचा नुसता चिखल यायचा. मॅडम टेबलाशी बसून तो चिखल बघायच्या, आपल्या सटाण्याच्या बोलीत "हाई काय शे?", हे काय आहे, असं स्वतःशी म्हणायच्या, आणि मग तेच ते, "पुन्हा." मॅडम आमच्या घरात असल्या की राजू बाहेर फिरायला जायचा. एका टेबलाशी मॅडम आणि एका दाराने तो बाहेर, हे मी रोज बघायचे.

शेवटी एका रविवारी तेजू म्हणाली की आता खरी परीक्षा. खाली बसलेल्याला वरून काय येणार हे अजिबात माहीत नको. आणि मजकूर ह्या कामातल्या माणसाने लिहायचा नाही. राजू चपला घालत होता. तिने त्यालाच धरलं. "पप्पा, वर चला. काहीही टाइप करा. मला दाखवू नका."

तो गेला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो जिना चढला. मशीन लावून द्यायला तेजूही त्याच्यामागून वर गेली; खाली मॅडम आणि मी. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मॅडमनी तारा हलवून बघितल्या. मी खिडकीतून तेजूला हाक मारली, मशीन बिघडलं का गं? ती वरून म्हणाली, नाही आजी, पप्पा अजून लिहितायत.

मग अक्षरं आली. मधली काही फुटलेली होती, पण माझ्या ऑपरेशनच्या डोळ्यालाही वाचता आलं: मॅडम, त्या दिवशी मी जे बोललो ते माणसाने माणसाला बोलू नये. समोर येऊन सांगायची हिंमत झाली नाही. राजेंद्र.

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. बोटाने एकेक अक्षर मोजत पूर्ण ओळ बघितली. तेजू धावत खाली आली तेव्हा तिला म्हणाल्या, "तीन अक्षरं गेली. कोणती ते लिहून ठेव." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, राजेंद्रला चहाला खाली बोलवा. माझ्या घरात साखर संपलेली आहे."

राजू आला. मान खाली घालून चहा प्यायला.

ती तीन अक्षरं का गेली, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. नवा पेपर गेला आहे, आणि त्यात ती गेलेली अक्षरंही लिहिली आहेत. तेजूचा प्रबंध अर्धा व्हायचा आहे. कॉलेजने मॅडमना निवृत्त केलं तरी आमच्या टेबलाने केलेलं नाही. म्हणून त्यांच्या दीर्घायुष्याची इच्छा करताना मला थोडी लाज वाटते, कारण त्यात आमचा स्वार्थ आहे. राजूने माफी यंत्रातून मागितली, मी ह्या छापील पानातून मागते आहे. समोर उभं राहून बोलायचं धाडस आम्हा मायलेकांत नाही, हे सगळ्यांना कळू द्या.

मॅडम, गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पुष्कळ वर्षं आमच्या डोक्यावर चालत राहा. पावलं ऐकू आली की मी चहा टाकीन. आणि आमच्या घरात कुणाचं काही चुकलं, तर ते सुधारेपर्यंत "पुन्हा" म्हणायला तुम्ही धडधाकट असा, एवढंच मागते.