करडीचं ऑपरेशन

सेलूत आमचं सरकी-पेंडीचं दुकान. पोत्यांमागं उंदीर, उंदरांमागं मांजरं. एक करडी मांजर वर्षातून दोन-तीनदा पोत्यांच्या फटीत व्यायची. पिल्लांचे डोळे उघडले की आमचे हे त्यांना पोत्यात भरून गावाबाहेर सोडून यायचे. गल्लीत सगळेच तसं करत. एकदा ह्यांच्या हाताला लागलं होतं, म्हणून पोत्याचं तोंड मी बांधलं. पुढं चार दिवस करडी दुकानभर ओरडत फिरली. पोतं न् पोतं हुंगायची, माझ्या पायाशी येऊन वर बघायची. मला जेवण जाईना.

शेजारच्या बाईंना हे सांगितलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. म्हणाल्या, "पिल्लं टाकून मांजरं कमी झाली का कधी? आईचंच ऑपरेशन करून आणू. परभणीला जनावरांच्या दवाखान्यात करतेत."

हे हसले. "माणसाला तारीख भेटना, अन् तुमी मांजराला घेऊन चाललाव!"

पण करडी हाती लागेना. दुधाला भुलेना. शेवटी मासळीवालीकडून सुकट आणली. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. घरात मासळीचा वाससुद्धा कधी आला नव्हता. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण नको म्हणाल्या नाहीत. मागच्या गल्लीतून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, काठीवर तिरकं उभं केलं. बाईंनी काठीला बांधलेली दोरी ओढली आणि करडी आत सापडली.

रेल्वेनं परभणीला नेली. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, वर डाव्या कानाचं टोकही कापलं. मी कळवळले. ते म्हणाले, "भुलीतच कापलंय, ताई. ऑपरेशन झाल्याची ही खूण दिसली की परत कुणी हिला पकडणार नाही."

पाच दिवस बाईंच्या न्हाणीत ठेवून तिला दुकानात आणलं. वाटलं, आता ही माझं तोंडही बघणार नाही. ती पोत्यावर चढली, अंग चाटलं आणि झोपली. मला मात्र रडू आलं.

त्यानंतर बाई आणि मी आणखी सहा मांजरं नेली. एक बोका अजून हुलकावण्या देतोय. परवा समोरचे आडते स्वतः टोपल्यात एक मांजर घेऊन आले. गल्लीत सगळ्यात जास्त पिल्लं त्यांनीच सोडली असतील.

"वहिनी, ही पोटुशी दिसायलीय. काय करावं?"

"आधी बाळंत होऊ द्या," बाई म्हणाल्या. "पिल्लं मोठी झाली की माय-लेकरं सगळीच नेऊ."

त्यांनी आडतीच्या मागं तिला जागा करून दिली. काल तीन पिल्लं झाली.