पानं ओढणारं मशीन

इंजिन रिपेअरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ग्रीससारखे ते आपोआप हाताला लागतात आणि साबणाने जात नाहीत! पनवेलच्या आमच्या दुकानात मी चौदा वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते. माझ्या मागे, शटरच्या आत, हरेश्वर मिस्त्री काम करतात. उरणकडचे कोळी. लहानपणापासून होडीच्या इंजिनांवर हात बसलेला. आता पंप, फवारणीची मशिनं, गवत कापायची मशिनं, जे येईल ते. माझ्याकडचे बहुतेक किस्से त्यांचेच आहेत.

*

एकदा उलव्याचा एक कॉन्ट्रॅक्टर पाण्याचा पंप घेऊन आला. दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो.

"कार्बुरेटर गेलाय," तो ठासून म्हणाला. "मी सगळे व्हिडिओ बघितलेत!"

मिस्त्रींनी पंप चालू केला आणि स्टूल ओढून समोर बसले. दहा मिनिटांनी इंजिन गचके खायला लागलं, तसं त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं. इंजिन परत सुरळीत!

झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं. कॉन्ट्रॅक्टरने नेमका त्याच्यावर देवाचा स्टिकर चिकटवला होता.

मिस्त्रींनी आधी हात पुसले, मग स्टिकर अलगद सोडवून हँडलवर लावला. म्हणाले, "देवाला हितं बसवा. तिथं इंजिनाचा दम कोंडतो."

*

एझ्राकाका आले ते जानेवारीच्या शेवटी, टेम्पो घेऊन. बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. मराठी इतकं शुद्ध की समोरचा आपोआप नीट बसतो! सरकारी नोकरीतून रिटायर झाले. मुलगा-सून इस्रायलला, आणि काका-काकू दोघंच नेऱ्याला, डोंगराखालच्या घरात. भोवती आंबे, फणस आणि भरपूर साग.

टेम्पोतून जे उतरलं ते बघायला चहावालासुद्धा आला. चार चाकं, पुढे जमिनीला टेकलेलं रुंद तोंड, वर इंजिन आणि मागे हत्तीच्या पोटासारखी पिशवी. कोणी म्हणालं धूर फवारणी, कोणी म्हणालं भात झोडपणी.

मिस्त्रींनी सरळ विचारलं, "काका, ह्ये करतं काय?"

"वाळलेली पानं ओढून घेतं."

"मंग मानसं काय करतात?"

"माणसं उलव्याला बांधकामावर गेली!"

हसलो आम्ही सगळे. काका मात्र हसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी डोंगरावरचा वणवा खाली उतरला होता. अंगणातल्या पाचोळ्याने पेट घेतला, गोठा गेला आणि आग पार मागच्या दारापर्यंत आली. तेव्हापासून सागाची पानं गळायला लागली की काकूंची झोप उडायची. रोज झाडून घ्यायला माणूस मिळत नव्हता. दोघांच्या हाताने तेवढं अंगण आवरत नव्हतं. हे मशीन एका बंगलेवाल्याने जाताना दिलेलं. एक सीझन चाललं आणि बसलं.

"ही म्हणते, यंदा मशीन चालू झालं नाही तर होळीच्या आत मुलाकडे जायचं. कायमचं," काका म्हणाले. "मला जायचं नाही हो."

*

मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि काकांना बोलावून दाखवलं. आतला दांडा तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला होता.

"दुरुस्त?"

"नाय काका. ह्याला आता खांदा द्यायचा. पन बाकीचं मशीन ठणठणीत हाय. नवीन इंजिन बसवू."

त्यासाठी आधी पानं ओढणारा पंखा जुन्या इंजिनाच्या शाफ्टवरून काढायला हवा. तो गंजून असा घट्ट बसलेला की जणू एकाच लोखंडाचा! मिस्त्रींनी गंज सोडवायचं तेल सोडलं, पंखा ओढून काढणारा पुलर लावला, थोडा ताण दिला आणि दुसऱ्या कामाला लागले. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा थोडा ताण. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी म्हटलं, "हातोडा घाला की!"

"हातोड्यानं पंखा वाकंल. वाकला की मशीन जलमभर थरथरंल. म्हाताऱ्या मानसाला उठवताना ओढायचं नाय ताई, हात धरून थांबायचं."

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेर चहा पीत होतो. आत मशीनला कोणीही हात लावलेला नव्हता. आणि एकदम टक्!

मिस्त्रींनी मागे वळूनही बघितलं नाही. बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "आला."

*

पुढचा किस्सा माझ्या फजितीचा आहे, पण सांगायलाच हवा.

नवीन इंजिन मागवायचं काम माझं. मिस्त्रींनी बजावलं होतं, "नुसता हॉर्सपॉवर बघू नका. शाफ्टची जाडी बघा, लांबी बघा, बोल्टची भोकं बघा." मी हॉर्सपॉवर बघितला, लांबी बघितली, भोकं बघितली. जाडी जुन्यासारखीच असणार असं धरून चालले. इंजिन आलं, आणि पंखा शाफ्टवर जाईना! जुना शाफ्ट इंची मापाचा, नवा मिलिमीटरच्या. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, पण लोखंडाला कुठे ॲडजस्ट करता येतं?

काका समोर बसलेले. फेब्रुवारी अर्धा सरलेला.

मिस्त्रींनी कॅलिपरने दोनदा मोजलं. मग काकांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "ताईंनी बेस केलं! बारीक शाफ्ट आला असता तर आपन काय केलं असतं? जाडा हाय, तर पंख्याचं भोक लेथवर वाढवता येतं."

पंखा पिशवीत घालून स्वतः लेथवाल्याकडे गेले आणि संध्याकाळी घेऊन आले. दाबला तर जावा, सोडला तर डुलू नये, असा बसला! काका गेल्यावर मी माफी मागितली.

"एक मिलिमीटरची चूक हाय ताई," ते म्हणाले. "तिला फाशी नसते."

*

मिस्त्रींचा चढा आवाज मी चौदा वर्षांत एकदाच ऐकला.

इंजिन फ्रेमवर बसलं होतं, बोल्ट आवळून झाले होते. मिस्त्री हात धुवायला गेले. इतके दिवस वाट बघितलेल्या काकांना राहवलं नाही. टाकीत पेट्रोल भरून झालं होतं. त्यांनी स्टार्टरची दोरी धरली.

"हात काढा!!"

रस्त्यावरचे लोक थांबले! काकांच्या हातातून दोरी सुटली.

नवीन इंजिन खोक्यातून कोरडं येतं. आत ऑइलचा थेंब नसतो. तसंच चालू झालं असतं तर बघता बघता त्याचीही जुन्यासारखीच गत. मिस्त्रींनी ऑइल ओतलं, काडी बुडवून पातळी काकांना दाखवली आणि मग ओशाळून म्हणाले, "काका, मी तुमच्यावर नाय वरडलो. इंजिनावर वरडलो."

"तरीच!" काका म्हणाले. "इंजिनाने हात काढलेला दिसतोय!"

*

मशीन पोचवायला मी आणि मिस्त्री नेऱ्याला गेलो. काकू ओटीवर उभ्या होत्या. बारीक चणीच्या, ताठ. अंगणात घोटाभर सागाची पानं, चालताना चुरचुर वाजणारी. त्यांनी पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "गॅरंटी काय?"

मी घाबरले. एवढ्या एका उत्तरावर त्यांचं जाणं-राहणं ठरणार होतं.

मिस्त्री म्हणाले, "इंजिनाची कंपनी देते. पंख्याची मी देतो. वणव्याची कोन देनार, काकू?"

काकूंनी पाण्याचे रिकामे पेले उचलले. मग काकांना म्हणाल्या, "खोटं बोलत नाहीत हे. यांना जेवू घालूनच पाठवायचं."

*

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास दुकानातला फोन वाजला. काका होते. मागे इंजिनाचा एवढा मोठा आवाज की त्यांना ओरडावं लागत होतं.

"मिस्त्रींना द्या! लवकर द्या!"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्त्री, मशीन बंद होत नाहीये हो!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. हातातला पाना खाली ठेवून ते फोनवर वाकले. "काका, घाबरू नका. हँडलजवळ लाल बटन हाय. त्ये दाबा."

"बटण चांगलं आहे!"

"मंग पेट्रोलचा कॉक फिरवा."

"कॉकसुद्धा चांगला आहे हो!"

"मंग झालंय काय?"

"तासभर झाला," काका ओरडले, "ही हँडलच सोडत नाही!"