पुण्याला गेल्यावर

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: पुढच्या पोस्टिंगला बघू. दाढ दुखतेय? पुढच्या पोस्टिंगला. पडदे विटलेत? आता कशाला, तिकडच्या खिडक्यांची मापं कुठे माहीत आहेत! नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे संसार कायम निम्मा खोक्यांत. चंदीगडच्या क्वार्टरमध्येही काही खोकी मी उघडलीच नव्हती.

माझी पाळी लवकर गेली होती, चाळिशी उलटता उलटताच. ते कुणी मनावर घेतलं नाही. मग इथल्या थंडीत एकदा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं कसं मोडलं, म्हणून हाडांची तपासणी झाली. ऑस्टिओपोरोसिस, पाळी लवकर गेल्यानं हाडं ठिसूळ झालेली. हा म्हाताऱ्यांचा आजार ना? मी अजून केस रंगवत होते आणि हाडं मात्र आजीबाईची. इतका संताप आला, पण काढणार कुणावर!

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी हार्मोनच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सकाळपासून बाकावर बसायचं, शेजारी पंजाब-हिमाचलातून आलेली माणसं पराठ्यांचे डबे उघडून बसलेली. बाई तुटक बोलायच्या, पण स्पष्ट. दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. त्यांनी बजावलं होतं, "ये सुई छूटनी नहीं चाहिए जी. देर हुई तो जो बचाया है, वो भी जाएगा."

पहिली इंजेक्शनं वेळेवर घेतली. पुन्हा तपासणी केली तेव्हा हाडं जरा सावरली होती. मी खूश. आणि नेमकी त्याच सुमारास बदलीची कुणकुण लागली. पुणं! नोकरी लागल्यापासून ज्याची वाट बघितली ते पुणं. इंजेक्शनची तारीख जवळ आली होती. हे म्हणाले, "अगं, आता पुण्याला गेल्यावरच घे. तिथे एकच डॉक्टर धरू, मराठीत बोलता तरी येईल." मला पटलं. न पटायला काय झालं, आजवर सगळं असंच तर केलं होतं. मी कपबश्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या.

ऑर्डर काही येईना. हे रोज ऑफिसातून येऊन सांगायचे, पुढच्या महिन्यात पक्का. दिवाळी गुंडाळलेल्या कपबश्यांमध्येच गेली. इंजेक्शनचा विषय मी काढला की हे म्हणायचे, आता काय, निघालोच आपण.

एका दुपारी बेडशीटची घडी घालत होते. पडले नाही, काही उचललं नाही. नुसती वाकले आणि पाठीत अशी कळ गेली की तिथेच खाली बसले. इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी आमची लेक धावत आली, तिनंच गाडीत घालून नेलं. मणके दबले होते. एक नव्हे, तीन.

तज्ज्ञ बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. इंजेक्शन चुकलं की हाडं अशीच झपाट्यानं ढासळतात, आणि दबलेला मणका परत वर येत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसरं औषध दिलं. बाकीचे मणके तरी वाचतील ना, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, देखते हैं. हे शेजारी मान खाली घालून बसले होते.

आणि मग ऑर्डर आली. पुणंच.

प्रत्येक पोस्टिंग सोडताना आम्ही क्वार्टरच्या दारात फोटो काढतो. सामानाचा ट्रक पुढे गेला. मी पाठीला पट्टा बांधून यांच्या शेजारी उभी राहिले. लेकीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. मोबाईल धरून ती म्हणाली, "मम्मा, सीधी खड़ी हो जाओ ना."

मी सरळच उभी होते.